सी हॉकचे पोट कोणत्या रंगाचे? सोलापुरातले एक प्रकरण

पार्श्वभूमी

विमानवाहू नौकेवरून उडणारे भारताचे पहिले जेट लढाऊ विमान म्हणजे हॉकर सी हॉक. जुलै १९६० मध्ये ब्रिटनमधल्या ब्रॉडी तळावर नौदलाचे ३०० क्रमांकाचे स्क्वॉड्रन, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’, उभे राहिले ते याच विमानावर. पुढच्या वर्षी ४ मार्चला बेलफास्टमध्ये ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली आणि १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिले जेट उतरवले. हेच ताहिलियानी १९८४ ते १९८७ या काळात नौदलप्रमुख होते. १९७१ च्या युद्धात कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले ते विक्रांतवरच्या सी हॉकनीच.

या प्रकरणातले काका तेव्हा नौदलात विमान मेकॅनिक होते. आता विजापूर रोडला मुलीकडे राहतात. (माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, नावे दिलेलीच नाहीत.) काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाला शाल-श्रीफळाखेरीज काहीतरी वेगळे द्यावे असे मुलीच्या, म्हणजे ताईंच्या, मनात आले आणि त्यांनी ‘सरां’ना गाठले. सर एका शाळेत चित्रकला शिकवतात आणि सुटीत स्केल मॉडेल करतात. सोलापुरात हा छंद असलेली माणसे एका रिक्षात मावतील. मी त्यांतलाच एक, त्यामुळे या कामात शेवटपर्यंत बघ्या म्हणून हजर होतो.

मॉडेल १/४८ स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढे, ठरले. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ११.८९ मीटर, म्हणजे मॉडेलचा साधारण २५ सेंटिमीटर. १/७२ चे किट (जुळवायच्या सुट्या भागांचा संच) स्वस्त पडले असते, पण काकांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झालेले. बारीक दिसत नाही.

रंगाचा प्रश्न कागदावर तरी सोपा होता. ब्रिटनहून आलेले हे विमान ब्रिटिश नौदलाच्याच रंगात असे: वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, खाली स्काय. ब्रिटिश स्टँडर्ड ३८१सी या रंगपटात दोघांना क्रमांक आहेत, ६४० आणि २१०. पहिला म्हणजे निळसर झाक असलेला गडद राखाडी. दुसरा फिका, पिवळसर हिरवट. १९४० मध्ये तो ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पोटाला आला आणि नौदलाने तो पुढे जेटयुगातही चालू ठेवला. मॉडेलच्या रंगांतला हंब्रॉलचा १२३ किंवा मिस्टर कलरचा ३३३ घेतला की वरचा रंग आटोपला, खालचा असाच एखादा बाटलीतला घ्यायचा, असा सरांचा हिशेब होता.

अडचण

वरच्या रंगाने काहीच त्रास दिला नाही. सगळे अडले ते पोटापाशी.

सरांनी पंखांची खालची बाजू एका नामवंत बाटलीतल्या ‘स्काय’ने मारली आणि ताईंच्या आग्रहावरून काकांना आधीच दाखवली. गुपित फुटले, पण ते बरेच झाले. काकांनी पंख हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, “हे हिरवं कुठनं आणलं हो सर? आमच्या विमानाचं पोट असलं नव्हतं. दुधाळ होतं.”

सर म्हणाले, “काका, पुस्तकात हाच रंग दिलाय.”

“पुस्तकवाले आले होते काय खाली झोपायला? मी रोज त्याच्याखाली पाठ टेकत होतो.”

यावर बोलण्यासारखे काही उरत नाही. काकांचे म्हणणे झटकून टाकावे असे नव्हतेच. वैमानिक विमान आतून पाहतो, प्रेक्षक बाजूने पाहतो; पोट सतत पाहणारा माणूस म्हणजे मेकॅनिक.

मग काकांनी ट्रंकेतून दोन फोटो काढले. एक कृष्णधवल, विमानासमोर उभ्या असलेल्या ग्राउंड क्रूचा. दुसरा रंगीत, छोटा, कडा पिवळ्या पडलेला, मागे शाईने ‘७१’ लिहिलेले. रंगीत फोटोत विमानाचे पोट चक्क साईच्या रंगाचे दिसत होते. काका जिंकले असेच सगळ्यांना वाटले. पण त्याच फोटोत वरचा राखाडी तपकिरीकडे झुकला होता, आणि तपकिरी सी हॉक कोणाच्याच आठवणीत नव्हता, काकांच्याही नाही.

म्हणजे तीन साक्षीदार आणि तिघांचे तीन जबाब. बाटली सांगते हिरवट, काका सांगतात दुधाळ, फोटो सांगतो साय आणि तपकिरी. कार्यक्रमाचा हॉल, गुरुजी, केटरर सगळे ठरलेले. त्यात एप्रिल चालू झालेला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे बाटलीवर विश्वास ठेवून पुढे जाणे. सर आधी याच मताचे होते. बाटलीवर नाव ‘स्काय’ आहे, कंपनी मोठी आहे, जगभर लोक हाच वापरतात. या युक्तिवादाची खोट अशी की बाटलीवरचे नाव हा पुरावा नसतो. एकाच नावाखाली चार कंपन्यांचे चार रंग मिळतात आणि बाजूबाजूला लावले तर शाळेतल्या मुलालाही फरक दिसतो. एका पद्धतीच्या क्रमांकाचे दुसऱ्या पद्धतीत भाषांतर करणारे तक्ते तर आणखी घोळ घालतात. ६४० च्या जवळचा म्हणून अमेरिकन रंगपटातला एफएस ३६११८ अनेक ठिकाणी दिलेला असतो. तो त्यांचा गनशिप ग्रे. जवळचा आहे हे खरे, पण शेजारी राहतो म्हणून तो घरातला होत नाही.

दुसरा पर्याय फोटोवरून रंग बनवण्याचा. ताईंना हा पसंत होता, कारण फोटो वडिलांचा.

तिसरा, काका सांगतील तो रंग. भेट त्यांनाच द्यायची. त्यांना बरे वाटले म्हणजे झाले. हा पर्याय भावनिक म्हणून मोडीत काढण्यासारखा नव्हता. मॉडेल स्पर्धेला जाणार नव्हते, काकांच्या टीव्हीशेजारच्या कपाटात बसणार होते.

चौथा पर्याय मी सुचवला: गोव्याला नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक उभे आहे, सुटीत कोणीतरी जाऊन बघून यावे. सरांनी तो दोन वाक्यांत खोडला. उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात ठेवलेली विमाने वेळोवेळी पुन्हा रंगवावी लागतात. तिथे जाऊन कळेल ते एवढेच, की शेवटच्या वेळी रंगवणाऱ्याने कोणता डबा उघडला होता. खरे आहे. रिव्हेट, दारे, चाकांची खोबण बघायला संग्रहालयासारखी जागा नाही. रंगासाठी मात्र तिथला पुरावा सगळ्यांत कच्चा.

निर्णयाचा पहिला टप्पा: कोणते विमान, कोणत्या वर्षाचे

रंगावर भांडत बसण्याआधी ही गोष्ट निकालात काढायला हवी होती. ती मध्येच सुचली. नवे कोरे, नुकतेच ब्रिटनहून आलेले १९६१ चे विमान आणि दहा वर्षे खारे वारे, ऊन आणि डागडुजी सोसलेले १९७१ चे विमान यांचा रंग डब्यात एकच असेल, पत्र्यावर एक नसतो. ताईंना युद्धाच्या वेळचे हवे होते. फोटोही तेव्हाचाच. म्हणून १९७१.

इथे आणखी एक पेच होता. भारताने पुढे पश्चिम जर्मनीच्या नौदलाकडूनही वापरलेले सी हॉक घेतले. त्या जर्मन आवृत्तीचे, मार्क १०० आणि १०१ चे, शेपटीचे उभे पाते आणि सुकाणू मूळ विमानापेक्षा उंच आहे. किटही दोन वेगवेगळी मिळतात. सरांनी आणलेले होते मूळ ब्रिटिश एफजीए ६ आवृत्तीचे, म्हणजे बुटक्या शेपटीचे. रंगीत फोटोत शेपूट कापली गेली होती. कृष्णधवल फोटोत मात्र क्रूच्या टोप्यांच्या वर अख्खी शेपूट दिसत होती, बुटकी. किट वाचले.

निर्णयाचा दुसरा टप्पा: कोणत्या दिव्याखाली

या वादाला खरे वळण दिले ते अण्णांनी. अण्णा मूळचे पूर्व भागातले, घरात तेलुगू, बाहेर मराठी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये ते रंगाची लॅब सांभाळतात. परदेशी गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवते. त्याच्याशी जुळणारे लॅब डिप, म्हणजे रंगवलेले छोटे नमुने, करायचे, पास करून घ्यायचे, मगच हजारो टॉवेल रंगवायचे, हा त्यांचा रोजचा उद्योग. चादर-टॉवेलच्या या गावात शेड मॅचिंग जाणणारी माणसे पेठेपेठेत सापडतात. मॉडेलवाल्यांना ती इतकी वर्षे दिसली नाहीत याचेच मला नवल वाटते.

अण्णांनी पंख पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “हा शेड कुठल्या लाइटमध्ये बघितला?”

सरांच्या खोलीत एलईडी ट्यूब. काकांच्या हॉलमध्येही तीच. फोटो पाहिला तो खिडकीजवळ. काकांच्या आठवणीतले पोट कुठल्या दिव्यात पाहिलेले, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

अण्णांनी एकच गोष्ट मागितली: मूळ रंगपटाचा तुकडा. छापील पुस्तकातला किंवा पडद्यावरचा चालणार नाही, स्टँडर्डप्रमाणे रंग चढवलेला प्रत्यक्ष नमुनाच हवा. ६४० आणि २१० चे असे सुटे नमुने विकत मिळतात. सरांनी ते मागवले. पोस्टाने येईपर्यंत चरफडत थांबावे लागले, पण माझ्या मते या सगळ्या खटाटोपात खर्चलेला सर्वांत शहाणा पैसा तोच.

नमुने आले आणि आम्ही लॅबमध्ये गेलो. लाइट बॉक्स म्हणजे आतून राखाडी रंगवलेली पेटी, वर वेगवेगळे दिवे, बाजूला बटणे. एक दिवा दिवसाच्या उजेडाचा, त्याला डी६५ म्हणतात. एक टीएल८४, युरोपातल्या दुकानांत असायचा तसा. एक जुन्या पिवळ्या बल्बचा. अण्णांनी २१० चा नमुना आणि सरांच्या बाटलीचा रंग दिलेले प्लास्टिक कार्ड कडेला कड लावून ठेवले. डी६५ मध्ये दोघांत फरक होता, पण सोसण्यासारखा. टीएल८४ लावताच कार्ड हिरवेगार झाले आणि नमुना जवळजवळ होता तसाच राहिला. पिवळ्या बल्बखाली नमुना साईसारखा दिसू लागला, कार्ड मात्र हिरवटच.

याला मेटॅमेरिझम म्हणतात. दोन रंग एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फारकत घेतात, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असतात. टॉवेलच्या धंद्यात यापायी माल परत येतो. स्वस्त एलईडीच्या उजेडात निळ्याचा जोर असतो आणि तांबडा कमी पडतो. बाटलीतला हिरवा तिथे डोळ्यात भरला यात नवल नाही.

अण्णांनी मग काकांना फोन लावला. “काका, तुम्ही विमानाखाली काम दिवसा करायचे का रात्री?” काका म्हणाले, दोन्ही, पण जास्त करून खाली हँगरमध्ये, बल्ब लावून. अण्णांनी फोन ठेवला आणि बटण पुन्हा पिवळ्या बल्बवर नेले. त्या पेटीत २१० चा नमुना काकांच्या शब्दांत सांगायचे तर दुधाळ होता.

फोटोचे काय

फोटोवर ताईंचा जीव होता, तेव्हा तोही तपासला. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगांचे थर असतात आणि ट्रंकेच्या अंधारातही ते सारख्या वेगाने उडत नाहीत. त्या काळच्या बऱ्याच कागदांवर निळसर सायन थर आधी उडतो. सायन गेला की सगळा फोटो तांबूस-पिवळा पडतो: राखाडी तपकिरी होतो, फिका हिरवट साईच्या रंगाचा होतो. आपल्या घरातल्या लग्नाच्या अल्बममधली माणसे एका वयानंतर उगाच लालबुंद दिसतात ती यानेच.

फोटो खोटा ठरवून बाजूला ठेवणे सोपे होते. सरांनी तसे केले नाही. त्यांनी त्यात एक ओळखीचा रंग शोधला. भारतीय गोलचिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे. ते पांढरे वलय पांढरेच असणार, याबद्दल वाद नाही. फोटोत ते गुलाबीसर पिवळे दिसत होते. फोटो स्कॅन करून, ते वलय पांढरे दिसेपर्यंत रंगाचा तोल सरकवला आणि मग पोटाकडे पाहिले. पोटात हिरवी झाक परत आली. फार नाही, थोडी. पण साय राहिली नाही. वरचा तपकिरी राखाडीही निळसर झाला. या पद्धतीला मर्यादा आहेत, उडालेला थर काही परत येत नाही, पण एवढ्यावरून दिशा कळते.

कृष्णधवल फोटोचा उपयोग वेगळाच झाला. त्यातून रंग कळत नाही, उजळपणा कळतो. वरचा आणि खालचा रंग यांच्यात फरक किती, गडद राखाडी अंगावरून कुठवर खाली येतो, कुठे तुकड्यातुकड्याने पुन्हा रंग मारला आहे, हे त्यातच स्पष्ट दिसत होते. चाकाच्या दाराजवळचा एक चौकोनी तुकडा शेजारच्या पत्र्यापेक्षा गडद होता. डागडुजीचा ताजा रंग.

इथवर आल्यावर सरांचा निर्णय झाला आणि मला तो पटतो. रंगाची छटा नमुन्यावरून घ्यायची, दोन रंगांतला उजळपणाचा फरक कृष्णधवल फोटोवरून, आणि झीज, डाग, तकाकी हे काकांच्या आठवणीवरून. तिन्ही साक्षीदारांना सगळेच प्रश्न विचारल्यामुळे तिघे भांडत होते. ज्याला जे ठाऊक असणे शक्य आहे तेच त्याला विचारले तेव्हा भांडण उरले नाही.

काय केले

रंग बाटलीतून न घेता घरी मिसळायचा ठरला. लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा रंग, वापरला.  इनॅमल, म्हणजे तेलकट रंग, वाळायला सावकाश.

स्कायसाठी पांढरा, पिवळ्या मातीच्या छटेचा ऑक्साइड पिवळा आणि अगदी थोडा निळा. हिरवी बाटली उघडायचीच नाही, असे अण्णांनी बजावले होते; तयार हिरवा घातला की टीएल८४ खाली पुन्हा तोच तमाशा. प्रत्येक मिश्रण व्हिजिटिंग कार्डाएवढ्या प्लास्टिकवर मारायचे, वाळू द्यायचे, मग लॅबच्या यंत्रावर धरायचे. मॉडेलचा पंख यंत्राच्या भोकावर नीट बसत नाही, म्हणून कार्ड. यंत्र नमुना आणि कार्ड यांच्यातले अंतर ‘डेल्टा ई’ या एका आकड्यात सांगते. एकच्या आसपास आले की टॉवेलवाले सहसा पास करतात. आम्ही त्याहून थोडे वर राहिलो आणि तिथेच थांबलो, कारण अण्णांनी तिन्ही दिव्यांखाली डोळ्यांनी पाहून मान डोलावली. “यंत्र मदतीला आहे, पास डोळा करतो,” असे ते म्हणाले. सरांची बाटलीतली ६४० ची छटा मात्र यंत्रावर पहिल्याच फटक्यात जवळ आली, तिला हातच लावला नाही.

तकाकीवर थोडा खल झाला. नमुना चकचकीत होता. चकचकीत पृष्ठभाग गडद दिसतो, तोच रंग मॅट केला की उजळ वाटतो. काका म्हणाले की नवी रंगवलेली विमाने चमकायची, पण वापरातल्यांची चमक पुसण्याने आणि मिठाने जायची. म्हणून शेवटचा थर सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकीचा, घेतला, आणि कार्डे पुन्हा सॅटिन मारून तपासली. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

मग स्केलचा मुद्दा. लांबून पाहिलेली वस्तू हवेमुळे फिकी दिसते, म्हणून मॉडेलचा रंगही फिका करावा, १/४८ ला साधारण १० टक्के, १/७२ ला १५, असा एक ठोकताळा छंदात रूढ आहे. मला तो सरसकट मान्य नाही. डेकवर चार हातांवरून विमान पाहिलेल्या माणसासाठी मॉडेल असेल तर मध्ये हवा आली कुठून? पण गडद राखाडी लहान आकारात काळवंडून दिसतो हेही खरे. सरांनी मधला मार्ग काढला: स्काय आहे तसाच ठेवला, ६४० जरा उजळ केला. तोही पांढरा घालून नाही, पांढऱ्याने त्यातली निळाई खडूसारखी होते. त्यांनी चिमूटभर स्कायच मिसळला. ऊन खाल्लेल्या राखाडीला जो उबदार फिकेपणा येतो तो त्यात आपोआप आला.

फवारणीचे सोलापुरी दुखणे वेगळे. दुपारी पारा ४२ वर. लॅकर एअरब्रशच्या (रंग फवारण्याच्या पेनाच्या) तोंडातून निघून मॉडेलवर पोहोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग रवाळ, पावडर लागल्यासारखा होतो. कूलर लावावा तर ओल्या हवेने लॅकरवर पांढरी धूसर साय धरते. शिवाय नळाला पाणी दिवसाआडही येत नाही, कूलरला घालणार कुठून? सरांनी थिनरमध्ये रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रव) घातला आणि काम पहाटे केले, उजाडता उजाडता, पंखा बंद ठेवून.

सी हॉकला नीन नावाचे एकच इंजिन, पण त्याचे धुराडे मागे शेपटीतून न निघता दुभंगून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडते. तिथला काळपट तपकिरी झाक असलेला पट्टा सरांनी काकांना शेजारी बसवून मारला. काका बोटाने दाखवत होते, “अजून मागं. हां. खाली नको, वरच्या अंगाला.” पोटाखाली तेलाचे ओघळ किती, हेही त्यांनीच ठरवले. सरांनी मॉडेलवाल्यांच्या सवयीने ते भरपूर घातले होते. काकांनी निम्मे पुसायला लावले. “आम्ही काय झोपा काढत होतो काय? रोज पुसायचो.”

निष्पत्ती

कार्यक्रमात मॉडेल हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखाली काकांच्या हातात आले. उलटे करून त्यांनी आधी पोटच पाहिले आणि ‘बरोबर’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा सरांना फोन: बाबा म्हणतात, खिडकीपाशी जरा हिरवट दिसतंय. सर उत्तर देण्याआधीच मागून काकांचा आवाज आला, “अगं, डेकवर उन्हात वर आणलं की दिसायचंच तसं. ते मी विसरलो होतो.”

याला मी काकांची साक्ष फिरली असे म्हणणार नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या दोन उजेडांतला एकच त्यांना आधी आठवला होता. योग्य रंग दोन्हीकडे योग्य वागला एवढेच.

सगळेच जमले असे नाही. गोलचिन्हाचे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चित्र) बाहेरून मागवलेले होते आणि त्यातला केशरी लालकडे झुकलेला निघाला. शिवाय डिकल पातळ. गडद राखाडीवर बसवल्यावर तो आणखी मळका झाला. काकांनी काही म्हटले नाही, अण्णांनी मात्र पहिल्या नजरेत पकडला.

वेगळे काय करता आले असते

डिकलखाली पांढऱ्या रंगाची गोल टिकली आधी मारून घेतली असती तर केशरी निदान मळला नसता. त्याहून चांगले म्हणजे गोलचिन्ह मास्क (रंग अडवणारी चिकटपट्टी) कापून रंगानेच मारायला हवे होते. पोटाच्या रंगात सगळ्यांचा जीव इतका अडकला की फोटोत पांढऱ्या वलयाला कसोटी धरणाऱ्यांनी शेजारच्या केशरीकडे पाहिले नाही.

काकांशी पहिले बोलणे प्लास्टिक कार्डांवर व्हायला हवे होते, पंखावर नाही. रंगवलेला पंख दाखवला की समोरचा माणूस ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. पाच-सहा कार्डे पसरली की तो ‘याच्यापेक्षा हे’ असे सांगू लागतो, आणि उपयोगी माहिती त्यातच असते. ती कार्डे खिडकीत, ट्यूबखाली आणि पिवळ्या बल्बखाली अशी तिन्हीकडे दाखवायची. लाइट बॉक्स नसला तरी घरात एक जुना पिवळा बल्ब आणि उत्तरेची खिडकी एवढ्याने बरेच काम भागते.

शेपटीची तपासणी किट घेण्यापूर्वी व्हावी. या वेळी किट जुळले तो योग होता. जर्मनीहून आलेले विमान निघाले असते तर पाते कापून वाढवण्यात कार्यक्रमाची तारीख उलटली असती.

नमुन्यांबद्दल सर आता थोडे वेगळे बोलतात. त्यांचे म्हणणे, स्कायचाच नमुना घेतला असता तरी भागले असते, ६४० चा पैसा वाया गेला. मला तसे वाटत नाही. ६४० ची बाटली बरोबर आहे हे नमुना हातात होता म्हणूनच कळले. नाहीतर फोटोतल्या तपकिरीकडे बघून तिच्यातही कोणीतरी लाल थेंब टाकलाच असता.

राहिली मिश्रणाची कृती. पुण्याच्या एका मॉडेलकाराने थेंबांचे प्रमाण मागितले. सरांनी ते दिले नाही, कारण दुसऱ्या कंपनीचा ऑक्साइड पिवळा घेतला की तेच प्रमाण भलतीकडे जाते. त्यांनी पास झालेल्या कार्डाचा अर्धा तुकडा कापून पाकिटात घालून पाठवला, आणि सोबत चिठ्ठीत डी६५, टीएल८४ आणि बल्ब या तिन्हीखाली जुळवून बघा असे लिहिले.